सगळ्या मोबाईल गेमना एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकभगिनीचं पत्र वाचलं. मुलांच्या हाती येणाऱ्या मोबाईलमधले गेम एकजात काढून टाकावेत आणि शाळांनी तसं पालकांकडून लिहून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांची तळमळ मला कळते. आमच्याच गल्लीतल्या एका पोरानं बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले ऐंशी हजार रुपये रमीच्या ॲपात घालवले. त्याची आई आमच्या सोप्यात बसून रडत होती आणि तिला काय सांगावं हे माझ्यासह कुणालाच सुचत नव्हतं. त्यामुळं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

पण त्या कायद्यानंही निवड केलीच ना? पैशांचे खेळ एकीकडं काढले, बाकीचे दुसरीकडं ठेवले. आपण घरात मात्र सगळ्यांना एकाच दावणीला बांधायला निघालोय. या धांदलीत एक चांगला खेळ हकनाक जाईल. त्याच्या बाजूनं चार शब्द लिहायचे आहेत म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

खेळाचं नाव फक्त एक आकडा आहे : २०४८. चार आडव्या, चार उभ्या अशा सोळा घरांचा पट. सुरुवातीला त्यात दोन आकडे असतात, बहुतेक वेळा २ आणि २. आपण बोटानं डावीकडं, उजवीकडं, वर किंवा खाली सारायचं. सारलं की पटावरचे सगळे आकडे त्या बाजूला सरकतात, आणि सारखे आकडे एकमेकांना भिडले की त्यांचा एक होतो. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, आठ आणि आठ सोळा. प्रत्येक चालीनंतर एका रिकाम्या घरात नवा आकडा येतो, दहात नऊ वेळा २ आणि एखाद्या वेळी ४. पट भरून गेला आणि एकही जोड जमेना की डाव संपला. असं करत २०४८ पर्यंत पोचायचं. म्हणजे दोनापासून दहा वेळा दुप्पट. ऐकायला सोपं वाटतं, पण नुसते दोन-दोन धरले तर १०२४ दोन गोळा करावे लागतात. मधूनमधून ४ येतात, तरी हजाराच्या आसपास चाली होतातच, आणि त्यातली एक आंधळी चाल सगळ्यावर पाणी फिरवते.

या खेळात घड्याळ नाही. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही. पैसा नाही, बंदूक नाही, रक्त नाही. एका चालीला पाच मिनिटं विचार केला तरी पट तसाच थांबून राहतो. मोबाईलमध्ये आपल्यासाठी थांबणाऱ्या गोष्टी किती उरल्यात?

माझा आणि या खेळाचा संबंध नातवामुळं. तो सहावीत आहे. सूनबाई संध्याकाळी अर्धा तास स्वतःचा फोन त्याच्या हातात देते. एकदा तो बोट डावी-उजवी, डावी-उजवी असं घासत बसलेला दिसला. "काय रे, काय घासाय लागलाईस?" म्हणून मी डोकावलो. आकडे दिसले म्हणून शेजारी बसलो. त्याला आता दीड वर्ष झालं. मला स्वतःला २०४८ जमवायला चार महिने लागले. नातू अजून १०२४ वर आहे, पण त्याची समज माझ्यापेक्षा लवकर वाढतेय.

मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ३१ वर्षं बुकिंग क्लार्क होतो. बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडणं आणि गाडी भरून घेणं हे माझं काम. गाडी भरण्याचा पहिला नियम हमालांना सांगावा लागत नाही, पण नव्या क्लार्कला सांगावा लागतो : शेवटी उतरायचा माल आधी भरायचा. कोल्हापूरहून निघालेली गाडी आधी कराडला थांबणार, मग साताऱ्याला, मग पुण्याला. म्हणून पुण्याचा माल आत केबिनच्या बाजूला, त्याच्या पुढं सातारा, आणि कराडचे नग मागच्या फाळक्यापाशी. जड पोती खाली, हलकं वर. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कराडचे सहा नग माझ्या हातून पुण्याच्या थप्पीमागं गेले. रात्री साडेबारा वाजता, पावसात, हायवेच्या कडेला अर्धी गाडी खाली करून ते काढावे लागले. ताडपत्री धरून मी उभा होतो आणि दोन हमाल एक शब्दही न बोलता पोती उतरवत होते. त्यांचं ते न बोलणं आजही आठवतं. तेव्हापासून गाडीत पहिला नग चढायच्या आधी शेवटचा नग कुठं उतरणार हे बघायची सवय लागली, ती निवृत्तीपर्यंत टिकली.

नातवाचा खेळ बघताना मला पहिल्याच दिवशी ही गाडी दिसली. हा खेळ म्हणजे थप्पी लावणंच आहे. सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात घालून बसवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. आम्ही खालचा डावा कोपरा धरतो. त्याच्या शेजारी त्याहून लहान, मग त्याहून लहान, अशी खालची ओळ उतरत्या क्रमानं भरायची. ती ओळ भरलेली असली आणि शेजारी-शेजारी सारखे आकडे नसले की डावी-उजवी सारलं तरी ती जाग्यावरून हलत नाही. मग वरच्या ओळींत बारकी बारकी जमवाजमव करायची आणि पिकलेला आकडा खाली सोडायचा. वर सारायचं नाही. काहीही झालं तरी वर सारायचं नाही.

पण वर सारावंच लागतं अशी वेळ येते, आणि खरा खेळ तिथं कळतो. गेल्या श्रावणातला डाव मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवला होता. खालच्या ओळीत ५१२, १२८, ६४, १६. तिच्या वरच्या ओळीत २, ८, ४, २. त्याच्या वरच्या दोन ओळी पूर्ण मोकळ्या. नातू खूश होता, आठ घरं रिकामी आहेत म्हणून. मी म्हटलं, "आता हलव बघू." त्यानं डावीकडं सारलं, काही हललं नाही. उजवीकडंही नाही, खालीही नाही. दोन्ही ओळी ठासून भरलेल्या, कुणाचा कुणाशी जोड नाही. अर्धा पट मोकळा असून पोरगं अडकलं. उरली एकच चाल, वरची. ती केली की दोन्ही ओळी वर जाणार आणि खालच्या आठ मोकळ्या घरांतल्या कुठल्यातरी घरात नवा आकडा पडणार. त्यातली दोन घरं ५१२ च्या बरोबर खाली. म्हणजे चारात एक धोका. "आबा, न्हाई पडणार तिथं," म्हणत त्यानं सारलं. आणि २ नेमका तिथंच पडला. खाली ओढल्यावर कोपऱ्यात ते एवढंसं दोन आणि त्याच्या डोक्यावर ५१२. एका बाजूला १२८, वर ५१२. त्या दोनाला जोडीदार मिळायची वाटच राहिली नाही. "आबा, गेलं की ओ सगळं!" म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

मी त्याला लगेच नवीन डाव मांडू दिला नाही. वही पुढं घेऊन दोघं मागं मागं गेलो. चूक वर सारण्यात नव्हती, तिथं दुसरा इलाजच नव्हता. चूक दोन चाली आधी झाली होती. दुसऱ्या ओळीत दोन ४ शेजारी-शेजारी होते. जोड दिसला की जुळवायचा, या हौसेनं त्यानं ते जुळवून ८ केला. तो जोड तसाच ठेवला असता, तर अडचणीच्या वेळी डावी-उजवी करायला एक चाल हाताशी राहिली असती. घरात गहू संपत आलेत म्हणून कुणी बियाणं दळत नाही, तसं. दिसेल तो जोड लगेच जुळवायचा नाही, एखादा राखून ठेवायचा, ही गोष्ट त्या दिवशी त्याला समजली आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच नीट समजली. दुसऱ्या दिवशी तो आईला सांगत होता, "मम्मी, एक जोड शिल्लक ठेवायचा असतोय." अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकल्यावर या खेळाला वाईट कसं म्हणू?

यात गणितही आहे, पण मला त्याचं कौतुक वेगळ्या कारणानं आहे. माझी आई जोंधळा मापून द्यायची. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. चिपट्यापासून शेरापर्यंत सगळी दुप्पटच. नवी नवरी उंबऱ्यावर माप ओलांडते ते माप नातवानं लग्नात बघितलं होतं, पण त्यात किती मावतं हे त्याला ठाऊक नव्हतं. माळ्यावरचं पितळी चिपटं आणि मापटं मी काढून आणलं, तांदूळ घेतले आणि दोनदा ओतून दाखवलं. "म्हंजे आबा, चिपटं दोनाचं घर आणि मापटं चाराचं!" तो म्हणाला. शेर आठाचा झाला. पायलीचा आकडा त्यानं स्वतःच लावला, ३२. मण ५१२. आता मोठा डाव जमला की तो "मण झाला" असं ओरडतो.

खेळ कुठून आला हेही सांगायला पाहिजे, कारण पोरांना वाटतं की असल्या वस्तू आभाळातून पडतात. मार्च २०१४ मध्ये इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो तयार केला. त्याचे पैसे घेतले नाहीत, उलट आतली सगळी मांडणी कुणालाही बघता येईल, बदलता येईल अशी खुली करून टाकली. त्याच्या आधी १०२४ नावाचा खेळ होता, आणि त्याहीआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, 'थ्रीज' नावाचा खेळ आला होता. ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोघांनी वर्षाहून जास्त काळ खपून तो घडवला होता. त्यात एक आणि दोन मिळून तीन होतात, आणि तिथून पुढं सारख्याला सारखा. मूळ कल्पनेमागची मेहनत त्या दोघांची, आणि नाव जगभर झालं ते दोन दिवसांत केलेल्या खेळाचं. मी नातवाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. गूळ खाताना तो कुणाच्या गुऱ्हाळातला हे विचारणाऱ्या गावातली आपण माणसं, खेळ घडवणाऱ्यांची नावंही आपल्याला माहीत असावीत.

आता माझी तक्रार. ती मूळ खेळाबद्दल नाही, त्याच्या नकलांबद्दल आहे. नाव न घेता सांगतो. सूनबाईच्या नव्या फोनवर याच खेळाची एक नक्कल उतरवून घेतली होती. दर दोन डावांनंतर जाहिरात, तीही बंद करायची फुली इतकी बारीक की पोराचं बोट चुकावंच. एकदा ते चुकलं आणि भलतंच एक ॲप फोनमध्ये येऊन बसलं. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्यातलं 'मागे या' बटण. चाल चुकली? एक जाहिरात बघा आणि चाल परत घ्या. पुन्हा चुकली? पुन्हा जाहिरात. नातू आठ दिवस त्यावर खेळला आणि त्याचा आकडा झरझर वाढला. मी शेजारी बसून बघितलं तर त्यानं विचार करणंच सोडलं होतं. सारायचं, नाही आवडलं तर मागं यायचं. वर सारायलाही तो आता भीत नव्हता. ज्या एका गुणासाठी मी या खेळाची बाजू घेतोय, तो गुणच त्या बटणानं काढून घेतला होता. २०१४ साली खेळ आला तेव्हा त्यात मागं फिरायची सोय नव्हती. केलेली चाल केलेलीच. पावसात उतरवलेली ती पोती मला परत जाग्यावर ठेवून हवी होती, पण तसं बटण नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच पुढं तीस वर्षं माझी एकही गाडी चुकली नाही.

म्हणून पालकभगिनीला माझी हात जोडून विनंती आहे. मुलांचे गेम काढून टाकण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून ते खेळून बघा. प्रत्येक गेमबद्दल चार गोष्टी बघितल्या तरी पुरे : पैसे मागतो का, घाई करतो का, चूक केल्यावर विचार करायला लावतो की जाहिरात बघायला लावतो, आणि बंद केल्यावर मूल भानावर असतं का. नापास होतील ते खुशाल काढा, मी तुमच्यासोबत आहे.

आणि फोन नकोच असेल, तरी हा खेळ थांबत नाही. गेल्या जुलैत एका संध्याकाळी लाईट गेली ती रात्री दहाला आली. फोनची बॅटरी संपलेली. नातू आणि शेजारची तीन पोरं सोप्यात नुसती बसून होती. मी खडूनं शहाबादी फरशीवर सोळा घरं आखली. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले : २ चे भरपूर, ४ चे थोडे कमी, असं वर १२८ पर्यंत. स्टीलच्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या, नऊवर २ आणि एकावर ४. दुसऱ्या डब्यात १ ते १६ आकड्यांच्या चिठ्ठ्या, नवा पत्ता कुठल्या घरात ठेवायचा ते ठरवायला. घर भरलेलं निघालं तर पुन्हा चिठ्ठी काढायची. एकानं चाल सांगायची, दोघांनी पत्ते सरकवायचे, चौथ्यानं चिठ्ठ्या काढायच्या, आणि सगळं मेणबत्तीच्या उजेडात.

त्यात एक गंमत लक्षात आली. फोनमध्ये जोडणी आपोआप होते, त्यामुळं पोरांना नियम नीट माहीतच नव्हते. ओळीत ४, ४, ८ असे पत्ते होते आणि चाल आली डावीकडं. शेजारची धाकटी म्हणाली, "चार-चार आठ, आठ-आठ सोळा, सोळा ठेव." नातू म्हणाला, "न्हाई, एका चालीत एकदाच. आठ आणि आठ ठेवायचं, सोळा पुढच्या चालीला." दहा मिनिटं वाद चालला. मग नातवानं फोनवर हे असं घडताना कधी बघितलं होतं ते आठवून आठवून सांगितलं, आणि ती पोरगी म्हणाली, "मग सोळा करायला अजून एक चाल हातात ठेवाय पाहिजे." हिशेब पोरांच्या डोक्यात आला तो हातानं पत्ते सरकवल्यावर. त्या रात्री ६४ च्या पुढं डाव गेला नाही, पण लाईट आल्यावरही कुणी उठलं नाही. आता ते पत्ते बुटाच्या खोक्यात ठेवलेत आणि रविवारी चाराऐवजी पाच-सहा पोरं जमतात.

संपादक महोदय, आपल्याकडंही एक मागणं आहे. रविवारच्या मुलांच्या पानावर शब्दकोडं असतं, सुडोकू असतं. त्याच्या शेजारी सोळा घरांचा एक डाव छापावा आणि पुढची चाल कोणती, कारणासकट लिहून पाठवा, असं मुलांना विचारावं. फोन लागत नाही, खर्च येत नाही, आणि उत्तर लिहिताना मुलाला आपली चाल शब्दांत मांडावी लागते. शाळेतल्या शिक्षकांना हा डाव फळ्यावर सहज काढता येईल. महिनाभर डाव पुरवायची माझी तयारी आहे. नातू आणि त्याची मंडळी ते आधी पत्त्यांवर खेळून बघतील, म्हणजे चूक राहणार नाही.

पहिला डाव सोबत पाठवतो. वरच्या दोन ओळी मोकळ्या. तिसरी ओळ, डावीकडून : २, ४, २, ८. सगळ्यात खालची ओळ, डावीकडून : २५६, १२८, ६४, ६४. दोन चौसष्ट जुळवायचे आहेत. ते डावीकडं सारूनही जुळतात आणि उजवीकडं सारूनही. कुठं सारायचं, आणि दुसरीकडं सारलं तर पुढच्या चालीला काय होऊ शकतं? उत्तर वेगळ्या पाकिटात घातलं आहे, ते त्याच्या पुढच्या रविवारी छापावं.

आपला,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क,
मंगळवार पेठ, कोल्हापूर